इटलीच्या रोजच्या जेवणातली वाइन

आपल्या मराठीत ‘दारू’ हा शब्द मोठा भुकेला आहे. ताडीपासून व्हिस्कीपर्यंत जे जे चढते ते ते सगळे तो आपल्या पोटात घालतो, आणि मिळायची ती बदनामीही सर्वांना सारखीच वाटून देतो. इटलीतल्या वाइनविषयी बोलायचे तर हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल. कोणी प्यावे, कोणी पिऊ नये, हा आजचा विषय नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, शाळामास्तराच्या घरी दुपारच्या जेवणात पाव, तेल आणि मीठ जसे मांडले जाई, तशीच वाइनची बाटलीही मांडली जाई. तिची गणना व्यसनांत होत नसे, वाणसामानात होत असे.

साध्या खाणावळीत अजूनही कोणी वाइनची लांबलचक यादी पुढे करीत नाही. ‘तांबडी की पांढरी?’ एवढाच प्रश्न. मग पाव लिटरचा किंवा अर्ध्या लिटरचा काचेचा चंबू टेबलावर येतो. त्याच्यावर नाव नाही, साल नाही. पण हाच चंबू मोदेना शहरात मागवा, त्यात जांभळट फेस उसळलेला दिसेल. अस्ती गावात मागवा, गडद तांबडी आणि चांगलीच आंबटसर वाइन येईल. रोमजवळच्या फ्रास्कातीत ती फिकट पिवळी असेल, आणि दक्षिणेत बारीच्या बाजूला अशी दाट की पेल्याच्या काचेला रंग धरावा. या फरकात करणाऱ्याच्या हाताचा वाटा आहेच. पण खरा वाटा द्राक्षाच्या जातीचा आहे. बारोलोसारख्या मोठ्या नावाच्या, वर्षानुवर्षे तळघरात मुरवलेल्या वाइनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते या बिननावाच्या चंबूविषयी, कारण इटलीतल्या शेकडो द्राक्षजाती मुख्यतः त्यानेच जगवल्या. आणि आता तोच रिता होत चालला आहे.

द्राक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाशिक-सांगलीकडचा थॉम्सन सीडलेसचा घड येतो. मणी लांबट, साल पातळ, बी नाही. वाइनचे द्राक्ष याच्या अगदी उलट असते. मणी बारका, साल जाड, आत टणक बिया. जीभेला गोड लागते, पण साल चावली की तोंड तुरट होते. रंग असतो तो सालीत. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच निघतो. म्हणून तांबडी वाइन करायची तर रसाबरोबर साली काही दिवस आंबू द्याव्या लागतात. साखर, आंबटपणा आणि तुरटपणा या तिहींचे प्रमाण जातीजातीला निराळे, आणि त्यावरच पुढचे सगळे अवलंबून.

आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. द्राक्षाचे बी पेरले तर मूळ जात मिळत नाही, भलतेच काही उगवते. जात राखायची तर वेलीची काडीच लावावी लागते. म्हणजे आज एखाद्या डोंगरउतारावर उभी असलेली बार्बेराची वेल ही शेकडो वर्षांपूर्वीच्या एका वेलीचाच तुकडा आहे. कोणी ना कोणी दर पिढीला तिची काडी कापून पुढे लावत आला, म्हणून ती आहे. एका पिढीने हात आखडला की संपले. २०१२ साली जॅन्सिस रॉबिन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जगभर व्यापारी वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या द्राक्षजातींचा एक जाडजूड कोश काढला. त्यात १३६८ जाती आहेत, आणि त्यांतल्या ३७७ एकट्या इटलीच्या. अपेनाइन पर्वताने देश उभा चिरलेला, १८६१ पर्यंत लहानमोठ्या राज्यांत वाटलेला. एका खोऱ्यातली काडी पलीकडच्या खोऱ्यात सहसा जात नसे. प्रत्येक गावाने आपली काडी धरून ठेवली.

नावांचा घोळ मात्र विलक्षण आहे. काही वाइनांना गावाचे नाव, काहींना द्राक्षाचे, आणि काहींना दोन्ही. मोन्तेपुल्चानो हे टस्कनीतले डोंगरावरचे गाव. तिथली वाइन सांजोवेझे या द्राक्षाची असते. पलीकडे अब्रुत्सो प्रांतात मोन्तेपुल्चानो नावाचे द्राक्षच आहे, आणि त्याचा त्या गावाशी काही संबंध नाही! कोल्हापुरी चपला कोल्हापूरच्या आणि कोल्हापुरी नावाची भाजी भलतीकडचीच, तसे काहीसे. प्रोसेक्कोची गंमत आणखी पुढची. हे मूळ त्रिएस्तेजवळच्या एका खेड्याचे नाव. त्यावरून द्राक्षाला प्रोसेक्को म्हणू लागले. ही फेसाळ पांढरी वाइन जगभर खपू लागली, तेव्हा दुसऱ्या देशांतही कोणी ते द्राक्ष लावून तेच नाव वापरील अशी धास्ती पडली. शेवटी २००९ मध्ये कायद्याने प्रोसेक्को हे नाव प्रदेशासाठी राखून ठेवण्यात आले आणि द्राक्षाला ग्लेरा हे जुने दुसरे नाव देण्यात आले. द्राक्षाचे बारसे सरकारी कागदावर झाले म्हणायचे.

वायव्येकडचा पीडमाँट प्रांत बारोलोसाठी प्रसिद्ध. बारोलो होते नेब्ब्योलो या द्राक्षाची. ते उशिरा पिकते, त्याला सर्वांत चांगला, उन्हाचा उतार लागतो, आणि त्याची वाइन लवकर पिण्याजोगी होत नाही. मग घरचे माणूस रोज काय पिणार? उंचावरच्या थंड शेतात, जिथे नेब्ब्योलो पिकायचाच नाही, तिथे दोल्चेत्तो लावीत. नावाचा अर्थ ‘लहानसे गोड’. वाइन मात्र गोड नसते, तिला शेवटी किंचित कडवट चव असते. उरलेल्या जागेत बार्बेरा. तिला पीडमाँटचे लोक बोलताना स्त्रीलिंगी धरतात, घरातल्या बाईमाणसासारखी. बार्बेराचे वैशिष्ट्य असे की ती पूर्ण पिकली तरी तिचा आंबटपणा सुटत नाही, आणि तुरटपणा फार थोडा. तिथे लसूण आणि खारवलेले मासे तेलात शिजवून त्यात भाज्या बुडवून खातात. असल्या तेलकट, उग्र जेवणावर आंबट वाइनच हवी. आपल्याकडे कोकणात माशांच्या जेवणावर सोलकढी लागते, त्यामागचा हिशेब तोच आहे.

बार्बेरा पीक भरपूर देते. त्यामुळे ती स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच तिच्यावर संकट आले. १९८६ च्या मार्चमध्ये उत्तर इटलीत माणसे अचानक आंधळी होऊ लागली, मरू लागली. स्वस्त वाइनीचा जोर वाढवण्यासाठी काही व्यापाऱ्यांनी तिच्यात मिथाइल अल्कोहोल मिसळले होते. हे तेच विष, जे आपल्याकडे विषारी दारूच्या दुर्घटनांत सापडते. वीसाहून अधिक माणसे दगावली. ज्या वाइनांत भेसळ निघाली त्यांत बार्बेरा पुढे होती. गरिबाच्या चंबूवरचा विश्वासच उडाला. परदेशांनी माल अडवला, घरचे गिऱ्हाइकही बिचकले. त्याच्या चारच वर्षे आधी जाकोमो बोलोन्या या गृहस्थांनी बार्बेरा ओकच्या नव्या लहान पिंपांत मुरवून, ती मोठ्या वाइनांच्या पंक्तीला बसू शकते हे दाखवले होते. दुर्घटनेनंतर पुष्कळांनी तीच वाट धरली. पीक कमी घ्यायचे, बाटलीवर आपले नाव घालायचे, किंमत वाढवायची. बार्बेराची अब्रू वाचली. रोजचा पेला तेवढा महाग झाला.

आता पो नदीच्या मैदानात उतरू. मोदेना आणि रेज्जो या शहरांभोवतीचा एमिल्या हा डुकराच्या मांसाचा, लोण्याचा आणि पार्मेझान चीजचा मुलूख. इथली वाइन लाम्ब्रुस्को, तांबडी आणि फेसाळ. १९७० नंतर अमेरिकेत ती गोड करून एवढी विकली गेली की बाहेरच्या जगात लाम्ब्रुस्को म्हणजे सरबत असा समज होऊन बसला. घरी लोक पितात ती बहुतांशी बिनगोडाची, झणझणीत आंबट. तिचा फेस आणि आंबटपणा जिभेवरचे चरबीचे साय धुऊन काढतो आणि पुढचा घास नव्याने लागतो.

लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचे नावच नव्हे, ते सगळे घराणे आहे. सालामीनोचा घड लहानशा सालामीसारखा, म्हणजे तिथल्या मसालेदार मांसाच्या वळकटीसारखा, घट्ट आणि लांबट. ग्रास्पारोस्साचे देठ तांबडे होतात. आणि सोरबारा, ही मला स्वतःला सर्वांत मनोरंजक वाटते. सोरबाराच्या फुलांतले पराग वांझ असतात. तिला एकटी लावली तर फळच धरत नाही. म्हणून सोरबाराच्या बागेत मधूनमधून सालामीनोच्या ओळी लावाव्या लागतात. एवढे करूनही फूल गळते, पुष्कळ मणी बारीकच राहतात, पीक हलके येते. कोणताही हिशेबी मनुष्य असली वेल उपटून टाकील. पण तिची फिकट, गुलाबी, धारदार आंबट वाइन दुसऱ्या कशाने होत नाही, आणि मोदेनाच्या लोकांना ती डुकराच्या पदार्थांबरोबर हवीच असते. म्हणून ती टिकली. कोणा शास्त्रज्ञाने किंवा सरकारी खात्याने नव्हे, तर जेवणाऱ्यांच्या हट्टाने एक वांझ परागांची वेल जगवली.

टस्कनीची गोष्ट जमिनीच्या हिशेबाशी जोडलेली आहे. तिथे शतकानुशतके अर्धेलीची पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक अर्धे अर्धे. कुळाला एकाच शेतातून सगळे काढायचे असल्यामुळे गव्हाच्या पट्ट्यांमध्ये वेली, मधे ऑलिव्हची झाडे, आणि वेलींना आधार म्हणून मेपलची झाडे असा मेळ असे. वेलींतही पाचसहा जाती मिसळलेल्या. एक गारपिटीत गेली तर दुसरी हाताला लागेल म्हणून. आणि अनेक घरांत पहिली चांगली वाइन वाट्यात आणि विक्रीत जाऊन, पिळलेल्या चोथ्यावर पाणी ओतून काढलेले पातळ पेय कुळाच्या ताटाशी येई. ज्याने वेल जगवली त्याच्या वाट्याला चोथ्याचे पाणी!

टस्कनीच्या क्यान्ती वाइनचे सूत्र बसवले बेत्तीनो रिकासोली यांनी. हे इटलीचे दुसरे पंतप्रधान. पण राजकारणापेक्षा ब्रोल्योच्या आपल्या वाड्यात द्राक्षांचे प्रयोग करण्यात त्यांचे मन अधिक रमले. १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना त्यांनी पत्र लिहिले. त्यात मांडलेले तत्त्व असे, की सांजोवेझेपासून सुवास आणि जोम घ्यावा, कानायोलोने त्याचा कठोरपणा मऊ करावा, आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष थोडे घातले तर वाइन हलकी होऊन रोजच्या जेवणाला लवकर लागते. मुरवायच्या वाइनीत मात्र माल्वाझिया जवळजवळ नकोच. रोजच्याचा आणि ठेवणीतल्याचा भेद त्यांनी किती नेमका ओळखला होता पाहा. पुढे १९६३ साली इटलीत मूळ प्रदेशाच्या नावांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १९६७ मध्ये क्यान्तीचे नियम ठरले तेव्हा त्यांत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची करण्यात आली. तीही सगळ्याच क्यान्तीत. रिकासोलींनी रोजच्या पेल्यापुरते सांगितलेले कागदावर सर्वांना बंधन होऊन बसले. त्यात भरघोस पिकणारे पण चवीला फिके त्रेब्ब्यानो शिरले, आणि गवताच्या वेष्टनातली पोटफुगी क्यान्तीची बाटली पर्यटकांच्या टेबलावर मेणबत्ती खोवायला उपयोगी पडू लागली. २००६ पासून मूळच्या क्यान्ती क्लासिकोत पांढरी द्राक्षे घालायला मुळीच परवानगी नाही. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला!

अर्धेलीचे नवे करार १९६४ च्या कायद्याने बंद झाले. त्या आधीच कुळे शहरांतल्या कारखान्यांकडे निघाली होती. त्यांचे जाणे योग्यच होते. चोथ्याचे पाणी पिऊन कोणी जन्म का काढावा? पण त्यांच्याबरोबर मिसळलेल्या ओळी गेल्या. नव्या बागा आल्या त्या ट्रॅक्टर जाईल एवढ्या अंतराच्या, एकाच जातीच्या.

हेच सांजोवेझे डोंगर ओलांडून रोमान्या प्रांतात रोजची वाइन म्हणून पितात. त्या बाजूला सेन्यो नावाची नदी आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी याच नदीच्या बांधावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हा आपल्या मुलुखातल्या काही घरांना ही नावे पूर्वीपासून ठाऊक आहेत. अलीकडे सांजोवेझेची काडीही आपल्याकडे आली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला तिच्या बागा आहेत. आपल्या उन्हात ती कशी रुळते हा वेगळ्या भाषणाचा विषय.

दक्षिणेत पुल्यामध्ये ऊन कडक, द्राक्षात साखर फार, म्हणून वाइनही जोरदार. इथली वाइन पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या नावाने विकलीच गेली नाही. टाक्या भरभरून ती उत्तरेत आणि फ्रान्समध्ये जाई, तिथल्या फिक्या वाइनीला रंग आणि जोर द्यायला. प्रिमितीवो हे तिथले द्राक्ष. नाव लवकर पिकण्यावरून पडले. १९८८ पासून युरोपीय समुदायाने जादा वाइनचा प्रश्न सोडवण्यासाठी वेली उपटणाऱ्याला पैसे देऊ केले, आणि पुल्यातल्या झुडपासारख्या छाटलेल्या कितीतरी जुन्या वेली मुळासकट निघाल्या. गंमत पाहा, त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉ. कॅरल मेरेडिथ वेलींच्या पानांतली गुणसूत्रे तपासत होत्या. १९९४ मध्ये त्यांनी सिद्ध केले की कॅलिफोर्नियाचे लाडके झिन्फन्डेल आणि पुल्याचे प्रिमितीवो एकच. २००१ मध्ये तर क्रोएशियात स्प्लिटजवळ तीच वेल सापडली, अगदी मोजके बुंधे उरलेली. प्रिमितीवोला आता जगभर गिऱ्हाईक आहे. सरकारी पैसे घेऊन वेल उपटलेल्या शेतकऱ्याला तेव्हा हे कोण सांगणार होते?

वेलींवर मोठी धाड याआधी एकदा पडली होती. मुळे कुरतडणारा फिलॉक्सेरा हा माव्याच्या जातीचा किडा अमेरिकेतून युरोपात आला. इटलीत तो १८७९ मध्ये लेक्कोजवळ प्रथम सापडला. उपाय सापडला तोही अमेरिकेतच, तिकडच्या वेलीच्या खुंटावर इकडची डोळकाडी भरायची. आपले बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ती हीच युक्ती, कारण मात्र आपल्याकडे पाण्याच्या आणि क्षारांच्या ताणाचे आहे. पण कलम करायला खर्च येतो, आणि खर्च करायचा तर माणूस भरघोस पिकणारी जातच निवडतो. कमी पिकणाऱ्या, लहरी जाती तेव्हा पहिल्यांदा मागे पडल्या. कुळे गेली तेव्हा दुसऱ्यांदा. तिसरी वेळ सध्याची आहे. १९७० च्या सुमारास इटलीत दर माणशी वर्षाला १०० लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आता ते प्रमाण ४० लिटरच्या आसपास आले आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने ही बातमी चांगलीच आहे, आणि मीही त्यावर हळहळणार नाही. प्रश्न एवढाच उरतो, की रोज पिणारा नाहीसा झाल्यावर सोरबारासारख्या वेलीचा खर्च कोण सोसणार?

काहींचे उत्तर व्यक्तींच्या हट्टातून निघाले. मार्के प्रांतात पेकोरीनो नावाचे पांढरे द्राक्ष जवळजवळ संपलेच होते. मेंढरे डोंगरात नेता-आणताना वाटेत ती द्राक्षे खात, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. १९८० नंतर ग्वीदो कोच्ची ग्रिफोनी यांनी आर्क्वाता देल त्रोन्तो गावाच्या वर, सुमारे १००० मीटर उंचीवर, एका शेतात त्याच्या जुन्या वेली शोधून काढल्या, काड्या खाली आणल्या आणि आपल्या बागेत लावल्या. आज पेकोरीनो दुकानादुकानात मिळते. पीडमाँटमध्ये तोर्तोनाच्या टेकड्यांत वाल्तेर मास्सा यांनी तिमोरास्सोसाठी तसेच केले. सगळे सोप्या जातींकडे वळले असताना ते या नाजूक, अवघड द्राक्षाला चिकटून राहिले. तिमोरास्सो आज चांगली महाग विकली जाते. जात वाचली, हे खरे. पण जिथे ती पूर्वी गड्याच्या शिदोरीबरोबर जाई, तिथल्या गड्याला ती आता परवडत नाही.

सहकारी वाइनघरांत मात्र चंबूची परंपरा अजून थोडी दिसते. माणसे ५४ लिटरच्या वेष्टन घातलेल्या काचेच्या बुधल्या घेऊन येतात, आणि पेट्रोलपंपासारख्या नळीने त्या भरून नेतात. दर लिटरवर, घरी गेल्यावर बाटल्यांत ओतायचे काम घरच्यांचे.

आणि नेपल्सच्या उत्तरेला आवेर्सा गावाजवळ वेलींची जुनी तऱ्हा अजून काही ठिकाणी उभी आहे. तिथले द्राक्ष आस्प्रीन्यो, नावाप्रमाणेच आंबट. वेली उंच पॉप्लरच्या झाडांवर चढवलेल्या असतात, चांगल्या १५ मीटरपर्यंत, आणि दोन झाडांमधली जागा वेलींच्या हिरव्या भिंतीने भरून गेलेली. खाली जमिनीत भाजीपाला आणि इतर पिके निघतात. काढणीच्या वेळी माणूस अरुंद, उंच शिडी भिंतीला लावतो, पायरीला गुडघा अडकवून दोन्ही हात मोकळे करतो आणि घड टोपलीत टाकत जातो. टोपलीचा बूड टोकदार असतो. भरली की ती दोरीने खाली सोडायची. टोक मऊ मातीत रुतते, टोपली उभी राहते, खालचा माणूस ती रिकामी करून परत वर पाठवतो. त्या वाइनीबरोबर तिथे म्हशीच्या दुधाचे ताजे मोझारेल्ला चीज खातात. आस्प्रीन्यो आता कमरेएवढ्या तारेवरही लावतात, आणि काढणी तिथे उभ्याउभ्या होते. पॉप्लरवरच्या भिंती ज्यांनी अजून ठेवल्या आहेत, त्यांना दर सप्टेंबरात पहिली चौकशी करावी लागते ती शिडीवर चढणाऱ्या माणसांची.